गिझरचा पॉइंट

स्नेहलच्या सासरी नियम पक्का, अंघोळ झाल्याशिवाय सुनेने गॅसला हात लावायचा नाही. आता गॅसलाच हात लावायचा नाही म्हटल्यावर अंघोळीचं पाणी तापणार कुठे? त्यामुळे नाशिकच्या त्या कडाक्याच्या थंडीत बिचारीने दोन हिवाळे पहाटे साडेपाचला गार पाणी अंगावर घेतलं. बाथरूममध्ये गिझरसाठी पॉइंट काढू या म्हटलं, की सासूबाई, म्हणजे लंकाबाई, उसळायच्याच. "माझ्या छतापर्यंतच्या टाइल्स फोडायच्या नाय!"

या वर्षी मात्र स्नेहलने स्वतःच्या पगारातून गिझर आणला आणि वायरमन दिनेशलाही बोलावून घेतलं. कटर टाइलवर किंचाळत फिरला, पांढऱ्या धुळीने तिचे केस माखले, पण तिला तर तो आवाज सनईच वाटला! लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच या घरात तिचं काही चाललं होतं.

"दिनेशदादा, बटण मात्र बाहेर घ्या हं," ती ऐटीत म्हणाली. "आत पाणी उडतं, उगाच शॉक बसायचा."

"बरोबर आहे, वहिनी. बाहेर कुठे काढू?"

लंकाबाई इतका वेळ नाकाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"सूनबाई म्हणती ते खरंय. या भिंतीमागं माझी खोली हाय, तिथंच काढ, माझ्या उशाशी. रोज आठला उठले का मी स्वतः चालू करत जाईन."