शेठजींना विष कसं पाजायचं

हेमांगीने कप पुढे केला. प्रकाशचंद शेठनी तो घेतला आणि नुसते बघतच राहिले. कपातून वाफ येत होती.

तालमीत हा विषाचा कप कायम रिकामा असायचा. शेठजी तो ऐटीत तोंडाला लावायचे, गटागटा प्यायल्याचा आवाज काढायचे आणि धाडकन आडवे व्हायचे. अख्ख्या शिंदखेड्यात त्यांच्याइतकं मनापासून मरणारा दुसरा नट नव्हता. कप रिकामा ठेवायचं कारण म्हणजे शेठजींचा चौविहार. दिवस मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. आणि प्रयोग तर दिवेलागणीनंतरचा. पण हे सामान सांभाळणाऱ्या भागाबाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी आल्याच्या चहाने कप काठोकाठ भरला होता.

"पाव्हनाना हातमा रिकामा कप देतस का?" विंगेत त्या उलट दिग्दर्शकालाच विचारत होत्या.

दिग्दर्शक तोतारामआबा कपाळ बडवून घेत होते. हा प्रयोग रंगला तरच मंडळ जळगावच्या स्पर्धेला जाणार होतं. आणि पुतणीने काकाला मारलंच नाही, तर पुढचे दोन अंक पोलीस काय केळी सोलत बसणार?

पुतणी झालेल्या हेमांगीने चोरून प्रेक्षकांकडे पाहिलं. नाटकात काम करते म्हणून घरात तिच्याशी महिनाभर अबोला होता, आणि आज तेच घर तिसऱ्या रांगेत येऊन बसलं होतं.

"घ्या ना काका, गार होतोय," ती म्हणाली.

पहिल्या रांगेत शेठजींची बायको मंजू डोळे वटारून बसली होती. शेठजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कपाकडे.

"बेटा, दिवस मावळला," ते अगदी दुकानातल्या आवाजात म्हणाले. "आता मला चालत नाही."

सभागृहात खसखस पिकली. हेमांगीला रडूच फुटणार होतं. पण शेठजींचा तो गरीब चेहरा बघून तिला एकदम हसू आलं, आणि समोरच्यांना ते हसू फार भयंकर दिसलं.

"माहीत आहे मला, काका. दिवे लागल्यावर तुम्ही काही घेत नाही." ती दोन पावलं जवळ गेली. "म्हणून तर विष मी तुमच्या संध्याकाळच्या खिचडीतच घातलं."

मागून कोणीतरी शिट्टी मारली आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. तिसरी रांगही वाजवत होती.

तोतारामआबांचा हात कपाळाशीच थांबला. "जयगावना स्पर्धामा बी आसंच मारजो, पोरी!" ते विंगेतूनच ओरडले.

शेठजींचा जीव भांड्यात पडला. आता त्यांना सुखाने मरता येणार होतं. कप बाजूला ठेवून त्यांनी छाती धरली, गळा धरला, दोन गिरक्या घेतल्या, कोसळले आणि पाठ केलेलं वाक्य तोंडातून निघालंच, "पाणी... पाणी..."

त्यांच्या दुकानाशेजारचे चपलावाले नूर महंमद दुसऱ्या रांगेत होते. दोस्ताची तडफड त्यांना बघवेना. पाण्याची बाटली घेऊन ते थेट रंगमंचाशी धावले.

"सेठ, पानी लो!"

शेठजींनी मरता मरता एक डोळा उघडला आणि बाटली हळूच दूर सारली.

"सकाळी घेतो, नूरभाई," ते म्हणाले आणि मेले.