चांदीचं फुप्फुस

"इठाबाई, इथं अंगठा करा," डॉक्टर मोहिते म्हणाले. "फ्लूने फुप्फुसातल्या राखणदार पेशी मारल्यात. आता साधे जंतूही आत घुसतील. नियमाप्रमाणे तुम्हाला बसवलेलं हे डुकराचं फुप्फुस आजच काढावं लागेल."

"मग श्वास कशानं घेऊ?"

"यंत्र घेईल. तुम्ही फक्त पडून राहायचं. कायमचं."

इठाबाईंनी वॉर्डावर नजर फिरवली. खाटेला खाट लागलेली, खिडक्या बंद, सगळीकडे खोकला. त्यांनी चाळीस वर्षं डुकरं पाळली होती. तापानं डुक्कर सहसा मरत नाही. ताप उतरल्यावर दाटीच्या, ओल्या खोपीत मरतं. म्हणून त्यांच्या वस्तीत आजारी डुक्कर दहा दिवस एकटं, उघड्यावर, कोरड्या राखेवर ठेवत.

त्यांनी कागद फाडला आणि गादी गुंडाळून काखेत मारली.

"कुठं निघालात?"

"गच्चीवर, दहा दिवस. औषधं तिथंच पाठवा."

"अहो, हे फुप्फुस डुकराचं आहे!"

"ठावं हाय. माझ्याच चांदीचं हाय. पिल्लू होती तवा तिलाबी ह्योच ताप आलेला. तवाबी एक डॉक्टर नियम सांगत तिला मारायची सुई घेऊन आलता. त्याला मी दारातनंच परत धाडला."