शिडीवरचा रंगारी

तोफखान्यातून निवृत्त झालेले गुंडाआबा गेली दोन वर्षं टीव्हीपुढं बसत नव्हते. विनोदी कार्यक्रम लागून घरचे हसायला लागले, की ते उठून अंगणात जायचे. आबांना हल्ली काही आवडतच नाही, असं कुंडलच्या त्या घरानं धरून चाललं होतं.

रविवारी त्यांची नात शिवांजली लॅपटॉपवर शंभर वर्षांपूर्वीचा एक छोटा विनोदी मूकपट बघत होती. सांगलीच्या कॉलेजात तिला त्यावर लिहून द्यायचं होतं. जाता जाता आबा थांबले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. दुकानाची पाटी रंगवणारा रंगारी शिडीवरून डब्यासकट खाली आला, तसे ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

“बघ, रंगारी वर चढायच्या आदीच कुत्रं शिडीला बांधल्यालं दावलंय. मग मांजर कवा येतंय, ह्याच्यातच समदी गंमत. लय डोकेबाज मानूस. कुनी काढलाय ह्यो?”

शिवांजली चहा आणायला उठली होती. तिनं मागूनच दिग्दर्शकाचं नाव सांगितलं.

“कोन गं?” पडद्यावरची नजर न काढता आबांनी विचारलं.

तिनं पुन्हा सांगितलं, चांगलं मोठ्यानं. आबा उत्तराची वाट बघत राहिले.

शिवांजली पुढं आली, त्यांच्यासमोर बसली आणि ओठ नीट हलवत, सावकाश तिनं ते नाव सांगितलं.

तिच्या ओठांकडं बघत आबांनी मान डोलावली.

“घरात कुनाला सांगू नगंस,” ते म्हणाले. “आन् ह्याचा आनखी एखादा असंल तर लाव.”