परतीच्या टपालाने

अक्काच्या पत्राला आधारनानांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता वर्ष होत आलं. पत्र पाठ होतं. ड्रायव्हिंग स्कूलची फियाट जळगावबाहेर गिरणेच्या पुलाकडे नेतानाही ते डोक्यात चाललं होतं. ‘भाऊ, मन्हा गुडघा दुखतस. एस.टी.नी पायरी उंच शे. पण औंदा आखाजीले माले माहेरले येनं शे. भाड्यानी जीप धाडू नको. तू सोता ये. दारना लिंब आजून शे ना?’

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी न्यायला भाऊच गेला पाहिजे, मुराळी काही भाड्याने मिळत नाही, हे नानांना मान्य होतं. दारातल्या त्या लिंबाखाली मस्कतला गेलेल्या मुलाची गाडीही उभी होती. पण एकसष्ट वर्षांत नानांनी सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं. मग उत्तरात लिहायचं काय? ती आखाजी तशीच गेली. अक्का पारोळ्याला दाराशी बसून राहिली असेल.

नंतर त्यांनी पुण्याहून टपाली अभ्यासक्रम मागवला. ‘प्रौढांसाठी मोटारचालन. बारा पाठ घरपोच.’ स्वयंपाकघरातली परात स्टीअरिंग झाली. तीन विटा म्हणजे क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर. यशोदाबाई दारातून नवऱ्याला विचारायच्या, “अहो, एरंडोल आलं का? चहा घ्या आणि मग पुढे जा.” प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्न असत. नाना ते सुवाच्य अक्षरात सोडवून परतीच्या टपालाने पाठवत. तिकडून लाल शाईत ‘उत्तम’ लिहून येई. बारा उत्तरं पुण्याला गेली. पारोळ्याला एकही नाही.

“नाना, कुठं हरवले? समोर बघा.”

रुपचंद गेला महिनाभर शेजारी बसून शिकवत होता. त्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक होता. नानांचा सगळा भरवसा त्या दुसऱ्या ब्रेकवर.

समोर सात-आठ म्हशी रस्ता अडवून निघाल्या होत्या.

“जनावरे समोर आल्यास चालकाने वेग क्रमाक्रमाने कमी करून...”

“नाना, हे म्हशींना ऐकवता की मला?”

नानांनी ब्रेक दाबला. गाडी हिसका न देता थांबली. शेवटची म्हैस बॉनेटला शेपूट मारून गेली.

“तुम्ही वेळेवर दाबलात म्हणून,” नाना पुटपुटले.

रुपचंद शेंगा फोडत होता.

पूल मागे पडला. रोज पाळधी आली की रुपचंद म्हणायचा, “चला, फिरवा.” आज पाळधी आली आणि गेली. तो शेंगा खात राहिला. नानांना वाटलं, विसरला असेल. आठवण करून द्यावी का? त्यांनी दिली नाही. रस्त्याकडेचे दगड येत होते आणि प्रत्येक दगडावर पारोळ्याचा आकडा एकाने कमी होत होता. नाना एरवी दगड वाचत नसत. नजर रस्त्यावर, पाठ दुसरा. आज ते प्रत्येक दगड वाचत होते.

चौथ्या दगडापाशी त्यांनी, का कोण जाणे, शेजारी खाली पाहिलं. ब्रेकजवळ रुपचंदच्या रिकाम्या चपला होत्या. तो सीटवर मांडी घालून बसला होता.

“तुमचे पाय कुठे आहेत?”

“हे काय, वर.”

“कधीपासून?”

“पुलाच्या अलीकडून.”

“आणि म्हशी आल्या तेव्हा?”

“तेव्हा बी वरच होते.”

नानांनी गाडी कडेला घेतली. हात स्टीअरिंगवर तसेच ठेवून त्यांनी विचारलं, “सोमवारी परीक्षेत नापास झालो तर?”

“तर पुढच्या सोमवारी पुन्हा. आखाजीला तीन आठवडे आहेत अजून. तुमच्या अक्का कुठं पळून चालल्या?”

“बहात्तरची आहे ती,” नाना म्हणाले.

रुपचंदने शेंगांची पुडी बंद केली. “मग कशाला थांबता?”

“पाळधीला टपालपेटी आहे ना?”

नानांनी तीनदा मागेपुढे करून गाडी वळवली. रुपचंदने पाय खाली घेतले नाहीत.

पेटी चहाच्या टपरीजवळ होती. नानांनी सदऱ्याच्या खिशातून पोस्टकार्ड काढलं. वर्षभरात त्याचे कोपरे मऊ झाले होते. पत्ता लिहिलेला होता, बाकी कार्ड कोरं. अक्काला ते नेहमी पुस्तकी मराठीत लिहीत आणि क्षमा मागायला घेतली की दोन पानं भरत. तशी पानं त्यांनी किती फाडली होती. बॉनेट तापलं होतं, म्हणून कार्ड तळहातावर धरूनच त्यांनी लिहिलं.

‘अक्का, मी सोता येसू. लिंब शे.’

खाली सही केली. कार्ड पेटीत टाकलं. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी फटीत दोन बोटं घातली. कार्ड हाताला लागत नव्हतं. आता शब्द परत घेता येणार नव्हता.