पलीकडचा काठ

"बटण तेवढं अडकतंय, दुसरं काही करू नकोस," असं बजावून कामेरकर काकूंनी मुलीचा गेमबॉय माझ्या टेबलावर ठेवला. लावून पाहिला, तर साठवलेल्या खेळावर नाव होतं, शलाका. ती जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

माझ्या दुकानात हातात धरून खेळायचे जुने व्हिडिओ गेम, ब्रिक गेमपासून पीएसपीपर्यंत सगळे येतात, ते विकायलाच. त्यामुळे खेळाची कॅसेट हातात आली की उघडायची आणि आतला जुना सेल बदलायचा, ही हाताला लागलेली सवय. नवा सेल बसवला आणि मग आठवलं. त्या चपट्या सेलच्या जिवावरच तर साठवलेला खेळ टिकून असतो! घाईघाईनं लावून पाहिलं. शलाका नव्हती.

सांगायची हिंमत झाली नाही. नवा खेळ सुरू करून मी तेच नाव दिलं आणि आठवडाभर खेळत राहिलो.

काकू आल्या. पडद्यावरच्या चिमुकल्या मुलीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"पुलापाशी उभी असायची ही. मी रोज लावायचे, बघायचे, बंद करायचे. पुढे कधी नेलं नाही." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "नदी ओलांडली रे हिनं."

"काकू, ते..."

"पाण्याची फार भीती होती तिला."

त्यांनी गेमबॉय परत माझ्याकडे सरकवला.

"राहू दे तुझ्याकडेच. तुझ्याकडे आल्यावर चालायला लागलीय. गुरुवारी येते मी, कुठवर पोचली ते बघायला."