दोन कप, काठोकाठ

“बांधायचे तर डोळे नीट बांध. मागून म्हणाल, फटीतून पाहिलं,” मालकीणबाई म्हणाल्या आणि मान ताठ करून बसल्या.

शिंप्यानं काळ्या अस्तराची पट्टी त्यांच्या डोळ्यांवरून दोनदा फिरवली. “घट्ट झाली का?”

“तू शिवलेल्या झंपरापेक्षा सैलच आहे.”

दुकान उघडायला अजून अर्धा तास होता. शटर कमरेइतकंच वर होतं, खुर्च्या टेबलांवर पालथ्या होत्या. साक्षीला दोघेच होते, शिंपी आणि रिटायर झालेला पोस्टमन. वीस वर्षं दोघांचीही सकाळ याच टेबलावर उजाडत आलेली.

“आधी एक कप दिला असता तर डोकं चाललं असतं,” पोस्टमन कुरकुरला.

“आधी निकाल, मग कॉफी. एक दिवस कळ काढलीत तर मरणार नाही.”

एकतीस वर्षं इथली कॉफी त्यांच्याच हातची. पहाटे पडदा ओढून घ्यायच्या, एकट्यानं उकळायच्या, गाळायच्या, मोठ्या किटलीत भरायच्या. किटलीला जाड फडकं गुंडाळून वर अशी गाठ मारायच्या, की सोडली तर ती तशी पुन्हा फक्त त्यांनाच मारता यायची. पडद्याआड पोटच्या पोरालाही मज्जाव होता.

दोन वर्षांपूर्वी गल्लीच्या टोकाला हिरव्या पाटीचं दुकान आलं. आसपासच्या प्रत्येक गावात तेच दुकान, तीच पाटी. दूध, पाव, मोजे, बॅटऱ्या सगळं एका छपराखाली आणि कोपऱ्यात बटण दाबलं की कॉफी ओतणारं यंत्र. आता त्या दुकानवाल्यांना मालकीणबाईंची नाक्यावरची जागा हवी होती. बदल्यात मुलाला दुसऱ्या गावातल्या त्यांच्याच दुकानात मॅनेजर करणार होते. सुनेची बदली त्याच गावी झाली होती. दोन वर्षं सून आणि नात तिकडे, मुलगा इकडे. नातीचे दुधाचे दात पडले, तेही त्यानं फोनवर पाहिले.

आईला सोडून जायला तो तयार नव्हता आणि आई दुकान सोडायला. मागच्या आठवड्यात त्यानं पुन्हा विषय काढला तेव्हा भरल्या दुकानात त्या कडाडल्या होत्या, “यंत्राची कॉफी आणि माझी कॉफी! ज्या दिवशी माझ्या जिभेला दोन्हींतला फरक कळणार नाही, त्या दिवशी करीन सही.”

मुलानं तो शब्द धरून ठेवला. म्हणून आजचा हा खेळ.

शटरखालून वाकून तो आत आला. हातात घरचा मोठा थर्मास, यंत्राची कॉफी भरून आणलेला.

“एका कपासाठी हे एवढं धूड?” शिंपी हसला.

“गरम राहते,” मुलगा म्हणाला.

मालकीणबाईंनी पट्टीआडूनच पडद्याकडे बोट केलं. “किटली नेहमीच्या जागेवर आहे. आजचा दिवस तुला आत जायची परवानगी. एक कप त्यांचा, एक माझा. सारखे भर.”

तो आत गेला. कपबशा वाजल्या, काहीतरी ओतल्याचा आवाज आला. मालकीणबाई कान देऊन बसल्या होत्या. आत जरा जास्तच वेळ लागला. मग तो बाहेर आला आणि त्यानं दोन्ही कप त्यांच्यासमोर ठेवले.

“दोन्ही भरलेत?” त्यांनी विचारलं.

“काठोकाठ.”

“दोन्ही?”

“हो, आई.”

त्यांनी दोन्ही कपांच्या काठांवरून बोट फिरवलं. शिंप्यानं पोस्टमनला कोपरानं ढोसलं. अखेर त्यांनी पहिला कप उचलला, घोट तोंडात घोळवला, गिळला. मग दुसरा.

“सोपं आहे ना?” पोस्टमन म्हणाला. “तुम्हाला तर वासावरूनच कळायचं.”

“गप्प बस जरा.” त्यांनी पुन्हा पहिला कप ओठांना लावला. मग हात ठामपणे दुसऱ्यावर ठेवला. “ही माझी.”

शिंपी आणि पोस्टमन मुलाकडे वळले.

“आई,” मुलगा म्हणाला, “ती... ती त्यांची आहे.”

“छे!” शिंपी उठलाच. “असं होईलच कसं? बघू, मी चाखतो.” त्यानं पहिल्या कपाला हात घातला. मालकीणबाईंनी डोळ्यांवरची पट्टी ओढून काढली आणि त्याच्या हातावर चापट मारली.

“माझं उष्टं पितोस? लाज नाही वाटत?” त्यांनी तो कप उचलून एका दमात रिकामा केला. मागोमाग दुसराही. मग तोंड पुसून म्हणाल्या, “म्हातारी झाली जीभ. बोलण्यापुरती उरली. सांग त्यांना, कागद घेऊन या म्हणावं.”

मुलगा जमिनीकडे बघत होता. “आई, मला...”

“तोंड पाडून उभा राहू नकोस. नातीला फोन लाव. म्हणावं, बाप येतोय.”

तो फोन घेऊन शटरखालून बाहेर गेला. पोस्टमननं घसा खाकरला. “मग आता तरी एक एक कप?”

“आज नाही. तिकडे जा, बटण दाबा. आता सवय करा.”

दोघं मान खाली घालून निघाले. मालकीणबाई पडद्याआड गेल्या. किटली नेहमीच्या जागेवर होती, फडक्याची गाठ पहाटे मारली तशीच. बाहेरून मुलाचं हसू ऐकू आलं. दोन वर्षांत तो असा हसला नव्हता. थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या.

मग त्यांनी गाठ सोडली, फडकं झटकून घडी केलं आणि किटली एका बोटाला अडकवून खुंटीवर टांगली. पहाटे फडकं बांधताना होती तशीच ती होती, कोरडी आणि रिकामी.