दुसरा पाट

“ऊठ तिथून. तो पाट तुझा नाही.”

क्षीरोदला वाटलं, बोऊ, म्हणजे त्याची आई, थट्टा करतेय. तो हसतच तिच्याकडे पाहत राहिला. पण बोऊ हसत नव्हती. तिच्या एका हातात हळदीचं पान होतं, दुसरा हात पिठाने भरलेला होता आणि नजर अशी होती की छत्तीस वर्षांचा बाप्या मुकाट्याने पाटावरून उठला.

कार्तिकी पौर्णिमा सरून आठवा दिवस. आज घरोघरी पहिल्या अपत्याला ओवाळायचं. मामाकडून आलेले नवे कपडे, कपाळाला चंदन, डोक्यावर दूर्वा आणि हळदीच्या पानात वाफवलेली एंडुरी. क्षीरोदच्या पाच महिन्यांच्या टिकीची ही पहिलीच अष्टमी. तिचा मामा सकाळीच झबलं देऊन गेला होता. त्याची बायको लिपिका आत लेकीला ते झबलं घालत होती आणि टिकी त्याची नाडी चोखत होती. बोऊने मात्र पाट दोन मांडले होते. दुसरा पाट पाहून क्षीरोदला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. उशिरा का होईना, बोऊला सुचलं म्हणायचं! भांग पाडून, केसांना तेल चोपडून स्वारी पाटावर जाऊन बसली होती.

कारण बोऊने त्याला जन्मात एकदाही ओवाळलं नव्हतं.

शाळेत या दिवशी थोरली पोरं लांबूनच ओळखू येत. अंगात करकरीत शर्ट, बोटांना हळदीच्या पानाचा वास. क्षीरोद आईबापांचा एकुलता एक, पण तो कालच्याच शर्टात जायचा. “काय रे, तुला उकिरड्यावरून उचलून आणलं का?” पोरं विचारायची. आजी तर दरसाल बोऊला फैलावर घ्यायची. “पोटच्या पहिल्या पोराला ओवाळत नाहीस, त्याच्या मुळावर उठलीस का गं?” बोऊ खाली मान घालून एंडुऱ्या वाफवायची. त्याला खायला चार जास्तच द्यायची, पण ओवाळायला तिचा हात कधी उठला नाही.

स्वतःच्या मामावरचा राग तर त्याहून जुना. मामा दरवर्षी सायकलवरून नव्या कपड्यांचं गाठोडं आणायचा आणि यांचं दार ओलांडून शेजारी जायचा, थोरल्या काकूकडे. तिला सगळे मोठी आई म्हणत. कपडे तिच्या कुंतलाला. “मोठ्या आईला भाऊ नाही ना, मग कुंतलाला मामाचे कपडे कोण देणार?” बोऊ समजवायची. सख्खा भाचा जुन्या शर्टात आणि त्याच्या चुलत बहिणीला फ्रॉक! तिकडे मोठी आई कुंतलाला ओवाळायची आणि बोऊ दाराची चौकट धरून बघत उभी राहायची. मोठी आई गेल्या वर्षी वारली. सुतकाच्या वर्षात सण झाला नाही. आज पुन्हा चूल पेटली, तर ही तऱ्हा.

“आजवर विचारलं नाही, आज विचारतो,” क्षीरोद म्हणाला. लिपिका ऐकेल याचीही त्याला पर्वा उरली नव्हती. “नातीला ओवाळायला हात शिवशिवतात तुझे. मला ओवाळताना काय हात झडला असता तुझा?”

बोऊने पान दुमडलं आणि हात धुतला.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. कुंतला सासरहून आली होती. मागून काठी टेकत म्हातारा मामा, काखेत तेच गाठोडं.

“ये, बस,” बोऊ तिला म्हणाली आणि तिने दुसऱ्या पाटाकडे बोट दाखवलं.

“वा!” क्षीरोद फणकारला. “मोठी आई गेली म्हणून हिची दया आली वाटतं. आजही हीच आधी?”

“हो, हीच आधी. तुझ्याआधी तीन वर्षं.”

बोऊ शांतपणे बोलत होती, जणू मनातल्या मनात शंभरदा घोकलेलं.

“तेव्हा तुझे वडील नि काका कलकत्त्याला तागाच्या गिरणीत होते, आम्ही दोघी जावाही तिकडेच. जाऊबाईंची कूस काही उजवत नव्हती. हिला एकविसाव्या दिवशी मी त्यांच्या ओटीत घातली. गावी आलो ते त्यांची लेक घेऊनच. मामाखेरीज कुणाला सांगितलं नाही. त्या असेतो तोंडातून शब्द काढणार नाही, अशी शपथ होती. जाताना त्यांनीच हिला सगळं सांगितलं नि मलाही मोकळं केलं.”

कुंतलाने पदर तोंडाशी धरला होता. क्षीरोदने आईकडे पाहिलं. सासूचे टोमणे, पोराचा रुसवा, सगळं या बाईने पोटात घातलं होतं. केवढी छाती म्हणायची! त्याने खांद्यावरचा गमछा काढला, पाटावर सांडलेले तेलाचे थेंब पुसले आणि बहिणीला हात धरून बसवलं.

तरी जुनं दुखणं एकदम कुठे जातं?

“पण बोऊ,” तो हळूच म्हणाला, “मला ओवाळलं असतंस, तर कुणाला काय कळणार होतं?”

बोऊने निरांजन पेटवलं.

“लोकांसमोर तिला माझी म्हणता येत नव्हतं रे. तुला पहिला म्हणून ओवाळलं असतं, तर ती देवासमोरही माझी उरली नसती.”